माकड वाचतं, सर

बॉनिफेस काफ्विम्बींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्रयोगशाळेच्या टेबलावर बुटांसकट उभे होते आणि दुधाच्या डब्यातून कापलेलं एक पत्र्याचं माकड छताच्या तुळईला टांगत होते. मी शाळेत नवी, गृहविज्ञान शिकवायला आलेली. माझी स्वयंपाकाची खोली त्यांच्या प्रयोगशाळेला लागून होती. मध्ये एक दार, आणि दोन्ही खोल्यांत मिळून पाण्याचा एकच नळ.

"बाई, तुम्ही लोझी जमातीच्या ना?" त्यांनी वरूनच विचारलं.

"हो."

"मग खाली उतरून नीट नमस्कार करायला हवा. न्गोनी असता तर इथूनच एक शिवी हासडली असती."

आणि ते खरंच उतरले, हात पुसले आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवून, किंचित वाकून त्यांनी मला नमस्कार केला.

ते बेंबा होते. वडील आमच्याच गावच्या, लुआन्श्याच्या तांब्याच्या खाणीत खडक फोडायला खाली उतरत असत. मुलगा खाली उतरला नाही, शिकला, आणि खाणकामगारांच्या मुलींना पदार्थविज्ञान शिकवायला त्याच गावात परतला. वर्षभर एकच तपकिरी कोट. त्याच्या उजव्या खिशात खडू, डाव्यात भुईमुगाचे दाणे. ज्या मुलीचं उत्तर बरोबर येई तिच्या हातावर ते चार दाणे ठेवत. गणितं शिकवताना त्यांना स्वतःलाच इतकं हसू येई की आमच्या बाजूला लापशी ढवळणाऱ्या मुली ढवळायचं विसरत.

बेंबा आणि न्गोनी एकमेकांचे चिंबुया. कधीकाळी ते लढले होते. लढाया संपल्या आणि हे थट्टेचं नातं मागे राहिलं. चिंबुयाने चिंबुयाला काहीही बोलावं, भर बाजारात बोलावं, अगदी मयताच्या घरीही बोलावं, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. बेंबांनी न्गोनींना उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनींनी बेंबांना माकडखाऊ. हे आमच्याकडे इतकं रोजचं आहे की पोस्टाच्या खिडकीवरही तिकिटाआधी थट्टा होते.

मग काफ्विम्बींसारख्या माणसाला पडत्या माकडाचं गणित का आवडणार नाही?

तो धडा ते प्रत्येक वर्षी घेत आणि मी मधलं दार उघडं ठेवून ऐकत असे. माकड फांदीवर बसलंय. खाली शिकारी. माकड हुशार, बाण सुटताना दिसला की त्याच क्षणी ते फांदी सोडून खाली पडणार.

"मग नेम कुठे धरायचा, मुलींनो?"

"खाली, सर! ते पडणार ना!"

"किती खाली?"

कोणी हात एवढा करी, कोणी तेवढा. मग ते फुंकनळी उचलत. नळीच्या तोंडाशी चांदीच्या कागदाची एक बारीक पट्टी असे. वीज त्या पट्टीतून छतावरच्या चुंबकात जाई आणि चुंबकाने पत्र्याचं माकड धरून ठेवलेलं असे. पोलादी गोळी नळीतून बाहेर पडताना पट्टी फाडी, वीज तुटे, माकड सुटे. ते थेट माकडावर नेम धरत आणि गाल फुगवून फुंकत. टण्ण! गोळी पडत्या माकडाला हवेतच गाठायची.

"सरळ माकडावरच! कारण पृथ्वी गोळीलाही ओढते आणि माकडालाही, दोघांना सारखंच. जेवढं ते खाली येतं तेवढीच ती खाली येते. हे आम्हा बेंबांना पुस्तकाआधीच ठाऊक होतं, म्हणून आम्ही कधी उपाशी राहिलो नाही."

मग न्गोनी मुली बाकं बडवत. त्यात सगळ्यात मोठा आवाज झोंदिवे शावाचा.

झोंदिवेचे वडील खाणीत पिंजरा चालवायचे. माणसांना खाली नेणारा आणि वर आणणारा तो लोखंडी पिंजरा. ते छातीच्या आजाराने गेले, आई पूर्वेकडे, चिपाताच्या बाजूला आपल्या गावी परतली आणि मुलगी आमच्या वसतिगृहात राहिली. उंच, हडकुळी, बोलायला तिखट. स्वयंपाकात शून्य. माझ्या तासाला पीठ मळता मळता तिने मला एकदा विचारलं होतं, "बाना नालुमिनो, पिंजऱ्याचा दोर तुटला आणि आतल्या माणसाच्या हातातून डबा सुटला, तर डबा त्याच्या पायावर पडेल का?" माझ्या थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे मला नालुमिनोची आई, बाना नालुमिनो, म्हणत. मी म्हटलं, "आधी पीठ मळ." तिला इंजिनियर व्हायचं होतं. पिंजऱ्यांवर काम करायचं होतं. त्यासाठी बारावीला पदार्थविज्ञानाचा वेगळा पेपर देणं भाग होतं, आणि शाळेच्या सराव परीक्षेत जी त्यात उत्तीर्ण होईल तिचंच नाव त्या पेपराला जाई. बाकीच्यांना सामान्य विज्ञान.

त्या वर्षी सराव परीक्षेत काफ्विम्बींनी माकडाचं गणित घातलं. आकडे सोपे असावेत म्हणून नेहमीचे बदलले. झाड शिकाऱ्यापासून पंधरा मीटर, फांदी वीस मीटर उंच, म्हणजे तिरकं अंतर बरोबर पंचवीस. बाणाचा वेग सेकंदाला दहा मीटर. नेम कुठे धरावा, आणि बाण माकडापर्यंत किती वेळात पोचेल? उत्तर: सरळ माकडावर, अडीच सेकंदांत. पसारा त्यांना आवडत नसे. आकडेमोड कच्च्या कागदावर, उत्तरपत्रिकेवर फक्त उत्तर, हा त्यांचाच नियम.

झोंदिवेने लिहिलं होतं: "माकड वाचतं, सर. शिकारी उपाशी राहतो."

पेपर परत देताना त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मी माझ्या खोलीत भांडी मोजून घेत होते. आधी त्यांचं हसू ऐकू आलं, मग शब्द.

"ऐका, ऐका! उंदीरखाऊंकडून निरोप आलाय. बेंबाने उपाशी राहावं म्हणे! अगं, गणिताच्या पेपरातसुद्धा आमच्या ताटावर डोळा?"

वर्ग हशाने फुटला.

"मी गंमत नाही केली, सर," झोंदिवे म्हणाली.

आता तर बाकं आपटायला लागली. कारण चिंबुया असंच म्हणतो. तोंड एवढंसं करून 'मी कुठे गंमत केली' म्हणायचं, हा तर थट्टेचाच भाग.

"बघा तोंड कसं केलंय! हिला नाटकात घ्या रे कोणीतरी!"

"सर, खरंच. बाण तिथपर्यंत..."

"बाण तुझ्या आजोबांना विचार, ते आमच्यापुढे पळाले तेव्हा पाठीत घेऊन गेले होते!"

शेवटी तीही हसली. मला दारातून तिचा चेहरा दिसला. हसत होती. त्या प्रश्नाला शून्य, शून्याशेजारी लाल शाईत "उंदीर पकड," आणि त्या प्रश्नाच्याच गुणांनी ती नापास. दुपारी शिक्षकांच्या खोलीत काफ्विम्बींनी गोष्ट परत सांगितली, तिथेही हशा झाला. गुणांची गोष्ट कोणी काढली नाही. मग सत्र संपलं, ऑगस्टच्या सुट्टीत मुली घरोघरी गेल्या.

सुट्टीनंतर पालकांना शाळा दाखवायचा कार्यक्रम होता. त्याच्या तयारीसाठी काफ्विम्बींनी सुट्टीतच मला बोलावलं, चुंबकाची कळ दाबून ठेवायला कोणीतरी हवं होतं. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा; थंडीने आणि खाणीच्या भट्टीच्या धुराने त्यांची छाती भरली होती. गळ्याला पत्नीची लोकरीची शाल. नळी तोंडाला लावली, नेम धरला, सरळ माकडावर, आणि फुंकता फुंकता खोकला आला. गोळी नळीतून नुसती घरंगळल्यासारखी बाहेर पडली आणि टेबलाच्या अलीकडेच फरशीवर टपकली. त्यानंतर माकड पडलं. पत्र्याचा आवाज झाला.

"वाचलं की हो तुमचं माकड," मी म्हटलं.

मला वाटलं ते हसतील. ते नळी हातात घेऊन गोळीकडे बघत राहिले. मग फळ्याकडे गेले. खिशात खडू असून पेटीतला खडू शोधायला लागले.

"वीस मीटरवरून पडायला माकडाला किती वेळ? दोन सेकंद," ते पुटपुटले. "आणि बाणाला पोचायला अडीच."

"म्हणजे?"

"म्हणजे माकड आधी जमिनीवर, बाना नालुमिनो. आणि बाण? बाण तर त्याच्याही आधी खाली. साडेनऊ मीटरवर, गवतात. झाडापर्यंत पोचतच नाही." ते फळ्यावर भराभर लिहीत होते. "नेम सरळ धरायचा हे खरं. पण बाणाला जोर हवा. मी दरवर्षी जोराने फुंकत आलो, म्हणून मला कधी... माझ्या उत्तरात बाण माकडाला कुठे गाठतो माहीत आहे? जमिनीखाली अकरा मीटरवर. खाणीत!"

ही त्यांच्याच तोंडी शोभणारी थट्टा होती. पण ते हसत नव्हते.

"ती सांगत होती," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं तिने. आणि मी तिच्या आजोबांना..." त्यांनी फळा पुसला. कोटाच्या बाहीने पुसला.

मुख्याध्यापिका सिस्टर पेट्रोनेला शांत डोक्याची बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक झाली. मुलीचे गुण वाढवा, पेपराला नाव घालू. अजून वेळ आहे."

"आणि बाकीच्या? त्यांना मी चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण दिलेत."

"ते राहू द्या. मुलींना सांगत बसू नका, पालकांना तर नाहीच. उद्या विचारतील, इतकी वर्षं हा माणूस काय शिकवत होता? तुम्हाला शाळेत राहायचंय ना, काफ्विम्बी?"

काफ्विम्बींनी होकाराची मान हलवली. पुढे एकदा ते मला म्हणाले, वर्गात हसल्याची लाज वाटतेच, पण सिस्टरांसमोर हलवलेली ती मान आठवली की जेवण जात नाही.

चिपाताला जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर त्यांनी झोंदिवेच्या गावी निरोप धाडला: तुझं उत्तर बरोबर होतं, गुण वाढले, पेपर देता येईल, सत्र सुरू होताना ये. पुढच्या फेरीला त्याच ड्रायव्हरने उत्तर आणलं. काडीला ओळीने बांधलेले खारवून सुकवलेले उंदीर, आणि तोंडी निरोप: "शिकाऱ्याला सांगा, माकड मिळेपर्यंत यावर दिवस काढ."

मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. त्यांची पत्नी फेलिस्तास तर हसून हसून खांबाला टेकली.

"अहो बाशी चोला, हसा की! चिंबुयाने पाठवलंय." चोला त्यांची मुलगी, म्हणून बायको त्यांना चोलाचे बाबा म्हणे.

"हसून हसूनच झालंय हे," ते म्हणाले. "आता मी खरं बोललो तरी कोणी खरं धरत नाही."

फेलिस्तासने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. मग ती काडी तिने आत नेऊन ठेवली.

"बाना नालुमिनो," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही माझ्याबरोबर येता का? तुमचं न्गोनींशी थट्टेचं नातं नाही. तुमचा शब्द ते शब्द म्हणून ऐकतील."

राजधानीत, लुसाकाला, बस बदलून आम्ही पूर्वेच्या मोठ्या रस्त्याला लागलो. लुआंग्वा नदीच्या पुलावर पहाऱ्याच्या शिपायांनी सगळ्यांना उतरवून चालत पलीकडे जायला लावलं. काफ्विम्बी कठड्याशी थांबून पाण्याकडे पाहत राहिले, आणि मागचे लोक ओरडेपर्यंत हलले नाहीत. वाटेत एकदाच बोलले. "ती हसली होती ना, तुम्ही पाहिलंत ना? मला वाटलं, हसली म्हणजे झालं."

गावात पोचलो तेव्हा मक्याची शेतं कापून झाली होती, गवत जाळलेलं होतं. झोंदिवेची आजी दारापुढे चटईवर भुईमूग सोलत बसली होती. शेजारच्या चार-पाच बायका सोबतीला. आई चिपाताला भावाकडे गेलेली. आजीला सगळे आगोगोच म्हणत. काफ्विम्बींनी आपलं नाव सांगितलं मात्र, आगोगोने सूप खाली ठेवलं.

"बेंबा? तरी म्हटलं सकाळपासून माकडं का ओरडतायत! अगं, पोरं आत घ्या, याला भूक लागली असेल!"

"आगोगो, मी गंमत करायला आलो नाही."

बायकांनी एकमेकींना ढुशा दिल्या. "ऐकलंत का? म्हणे गंमत करायला आला नाही!"

"झोंदिवेचं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. मी तिला शाळेत परत न्यायला आलोय."

"वा! निरोप पुरला नाही म्हणून स्वतः आला. उंदीर आवडलेले दिसतायत!"

मग मी बोलले. मी शिक्षिका आहे, हे खरं आहे, मी स्वतः पाहिलंय, असं सगळं सांगितलं. आगोगोने माझं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही पाहुण्या. तुम्हाला मी काही बोलणार नाही. पण या माणसाबरोबर आलात तिथेच फसलात. तुमचीही थट्टाच केलीय त्याने. पोरीच्या मामाने चिपातात टायपिंगच्या वर्गात नाव घातलंय तिचं. परवा जाईल. पाणी प्या."

झोंदिवे झोपडीच्या दारात उभी होती. आमच्याकडे बघत होती, पुढे आली नाही. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, वर्गातलं.

काफ्विम्बींनी तिला पाहिलं. मग ते धुळीत खाली बसले आणि पाठीवर आडवे झाले. तपकिरी कोटासकट. एका कुशीवर वळून टाळ्या वाजवल्या, मग दुसऱ्या कुशीवर वळून वाजवल्या. बेंबा हे फक्त आपल्या राजापुढे करतात. मी तो मान कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. बघवेना, आणि मान दुसरीकडे वळवणंही बरं दिसेना.

बायकांचं हसू आधी वाढलं, मग एकेकीचं थांबत गेलं.

"ए, हे काय?" आगोगो म्हणाली. "हे तुम्ही तुमच्या राजाला करता."

"हो, आगोगो."

"ही पोर आहे."

"हो."

"चिंबुया चिंबुयाला असं करत नाही! ऊठ. ऊठ म्हणते ना!" तिला राग आला होता की भीती वाटली होती, सांगता येणार नाही.

झोंदिवे पुढे आली. हसू गेलं होतं.

"उठा, सर. कोट खराब होतोय."

ते उठून बसले, उभे राहिले नाहीत.

"त्या सगळ्या हसल्या ते ठीक," ती म्हणाली. "पण मीपण हसले. बरोबर असून हसले. मग खोलीवर जाऊन परत आकडेमोड केली, परत तेच आलं. तरी मला वाटलं, एवढे सगळे हसतायत म्हणजे गाढव मीच. माझा मलाच भरवसा राहिला नाही, सर."

काफ्विम्बींनी बाही झटकली. त्यांच्या कोटाला गवताची काजळी लागली होती.

"आता दया म्हणून गुण देताय का?"

"नाही."

"मग सोडवून दाखवा."

त्यांनी काटकी उचलली आणि जमिनीवर झाड काढलं. ती हाताची घडी घालून शेजारी उभी. माकडाला खाली यायला दोन सेकंद, त्यांनी लिहिलं. बाण साडेनऊ मीटरवर.

"साडेनऊ आणि थोडं वर," ती म्हणाली.

"हो. थोडं वर."

"माकड मारायला कमीत कमी किती वेग हवा?"

"सेकंदाला साडेबारा मीटर."

"आणि बरोबर साडेबारा असला तर?"

"बाण आणि माकड एकदमच जमिनीला लागतील."

"मग मेलं की वाचलं?"

ते विचारात पडले. "वीस मीटरवरून पडलंय. पडूनच मेलं असेल."

"म्हणजे याने नुसतं उचलून खाल्लं!" आगोगो ओरडली आणि बायका पुन्हा खिदळल्या. ते दोघं हसले नाहीत. आगोगोच्या ते लक्षात आलं. तिने नातीकडे पाहिलं, जमिनीवरच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि सूप परत मांडीवर घेतलं. "मामाला मी सांगते," एवढंच म्हणाली.

जेवायला न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि उंदीर. मला वेगळं, भुईमुगाच्या कुटातली भोपळ्याची पानं. काफ्विम्बींपुढे आगोगोने तिनांतला सर्वांत मोठा उंदीर ठेवला आणि समोर बसली. जन्मभर ज्या माणसाने या पदार्थावर विनोद केले त्याने तो उचलला आणि खाल्ला.

"डोकंही," आगोगो म्हणाली.

त्यांनी डोकंही खाल्लं. चांगलं आहे म्हणाले. त्यात थट्टा नव्हती, म्हणून आगोगोने नुसतं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

सत्र सुरू झालं. पहिल्याच तासाला काफ्विम्बी वर्गासमोर उभे राहिले. सिस्टरांना त्यांनी आधी सांगितलं होतं, परवानगी मात्र मागितली नव्हती. सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या.

"झोंदिवे शावाचं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "माझं चूक. तुम्हा बाकीच्यांना दिलेले गुणही चूक. तिने मला सांगितलं आणि मी तिला हसण्यावारी नेलं."

मुली हसायला लागल्या. उंदीरखाऊपुढे बेंबा नमला, यापेक्षा मोठी थट्टा कुठली? कोणीतरी मागून माकडाचा आवाज काढला. ते हसू संपायची वाट बघत उभे राहिले. ते संपत नव्हतं. त्यांचे कान लाल काळसर झाले होते. माझं मधलं दार त्या दिवशी मी लावून घ्यावं की नाही ते मला कळेना.

झोंदिवे उठली. "सर गंमत करत नाहीयेत," ती म्हणाली.

मग शांत झालं. तिने ते कोरड्या आवाजात म्हटलं होतं आणि त्यांच्याकडे न बघता ती खाली बसली.

तिने पेपर दिला, पुढे गेली, इंजिनियर झाली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी कधी थट्टेने बोलली नाही. आधी ती बाकं बडवायची, व्हरांड्यात गाठून "सर, आज डब्यात शेपूट आहे का?" विचारायची. आता "नमस्कार, सर." तेही एकदा सवयीने "काय गं उंदीर..." म्हणून थांबले, आणि खिशातले दाणे चाचपत उभे राहिले. ती म्हणाली, "नमस्कार, सर," आणि गेली.

ती शाळा सोडून जाताना त्यांनी तिला ते पत्र्याचं माकड दिलं. "ने. मला आता याच्यावर नेम धरवत नाही." तिने दोन्ही हातांनी घेतलं, आणि गुडघा टेकून आभार मानले, वडीलधाऱ्यांचे मानतात तसे.

ती गेल्यावर ते माझ्या खोलीत आले, नळावर हात धुवायला. हात आधीच स्वच्छ होते.

"पाहिलंत? गुडघा टेकला तिने."

"शहाणी मुलगी आहे."

"चिंबुयासमोर कोणी गुडघा टेकत नाही, बाना नालुमिनो. मी तिथे धुळीत लोळलो तेव्हा मला वाटलं, चूक फेडली. खरं म्हणजे नातंच मोडून आलो."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ते पडत्या माकडाचं गणित शिकवत आणि शेवटी स्वतःची चूक सांगत, मुलीचं नाव घेऊन. दरवर्षी नव्या मुली हसत. दरवर्षी ते थांबत. मी एकदा म्हटलं, "पुरे झालं आता, किती वर्षं सांगणार?" ते म्हणाले, "यांना आकडे तपासायची सवय लागली पाहिजे," आणि खोकत आपल्या खोलीत गेले. बाकी जगाशी, बाजारात, पोस्टात, ते पूर्वीसारखी थट्टा करत. पण आधी समोरच्याचा चेहरा नीट पाहून घेत.

ते ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात गेले. तोवर माझे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती, तेव्हा फेलिस्तासजवळ जमिनीवर बसायला मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मयताच्या घरी चिंबुयांनी येऊन थट्टा करायची असते, रडणाऱ्यांना हसवायचं असतं, ते त्यांचं कामच आहे. गावातले न्गोनी आले, दोन शब्द बोलले, पण आताशा ते कुणाला नीट जमत नाही. कोणी हसलं नाही.

शवपेटी उचलून लोक दफनभूमीच्या वाटेला लागले तेव्हा धुळीने भरलेली एक गाडी येऊन थांबली. झोंदिवे शावा उतरली. वायव्येकडच्या खाणीतून रात्रभर गाडी चालवत आली होती. पायांत खाणीतले जाड बूट, कमरेला घाईने गुंडाळलेलं, लुंगीसारखं चितेंगे. केस पांढरे व्हायला लागले होते. ती कोणाशी बोलली नाही. सरळ पुढे आली आणि पेटी धरणाऱ्यांच्या वाटेत, धुळीत, आडवी झाली.

"इथून पुढे नाही," ती म्हणाली. "हा बेंबा आहे. आधी झडती द्या. खिशात माकड असेल!"

लोक थांबले. एक म्हातारा हसला, मग दुसरा.

"ऊठ रे, माकडखाऊ! निजतोस काय?" ती पेटीला म्हणाली. त्यांना तिने जन्मात कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं, शाळेतल्या थट्टेतसुद्धा नाही. ती उठून उभी राहिली, पिशवीत हात घातला आणि ते दुधाच्या डब्याचं माकड काढलं, गंजलेलं, एक पाय वाकलेला. ते तिने पेटीवर ठेवलं. "हे घे. आणि या वेळी जवळ जाऊन मार. तुझा बाण पोचत नाही!"

फेलिस्तासला हसू आलं, इतकं की मला तिला धरावं लागलं. झोंदिवेही हसत होती आणि बाहीने नाक पुसत होती. पेटी पुढे निघाली. पहिल्याच खड्ड्याला माकड घरंगळून खाली पडलं, आणि पत्र्याचा तोच आवाज झाला. झोंदिवेने वाकून ते उचललं, फुंकून धूळ काढली आणि परत वर ठेवलं. मग कबरीपर्यंत ती पेटीला लागूनच चालली, माकडावर हात धरून.